मर्यादा कोणी आखायची?

२०२५ सालच्या जुलै महिन्यात संगणकीय खेळांच्या बाजारात एक विलक्षण घटना घडली. 'स्टीम' या या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या विक्रीकेंद्रावरून 'प्रौढांसाठी' म्हणून विकले जाणारे शेकडो गेम काही दिवसांत काढून टाकण्यात आले. पाठोपाठ छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांचे आश्रयस्थान असलेल्या 'इच डॉट आयओ' या केंद्राने तर या वर्गातील सारेच गेम आपल्या शोधयादीतून एकाएकी दिसेनासे केले. हा आदेश कोणत्या न्यायालयाने दिला होता? कोणत्या संसदेने त्यासाठी कायदा केला होता? कोणीही नाही! ऑस्ट्रेलियातील 'कलेक्टिव्ह शाउट' या संघटनेने कार्ड कंपन्यांना आणि ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या मध्यस्थांना अनावृत पत्र लिहिले, मध्यस्थांनी विक्रेत्यांना तंबी दिली आणि विक्रेत्यांनी माल उचलला.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. गदारोळ उठताच मास्टरकार्डने खुलासा केला की, आम्ही कोणत्याही गेमचे मूल्यमापन केलेले नाही. 'स्टीम'ची मालक असलेली अमेरिकन कंपनी 'व्हॉल्व्ह' म्हणाली की, मध्यस्थांनी आमच्यापुढे मास्टरकार्डच्याच नियमावर बोट ठेवले होते. म्हणजे माल गेला, पण तो कोणी घालवला हे सांगायला कोणी तयार नाही. मुळात तो मांडला कोणी होता, याची जबाबदारी घ्यायलाही यापूर्वी कोणी पुढे आलेले नव्हते.

'घाण गेली ना? मग आपण समाधान मानावे,' असे आपल्यातील अनेक सज्जनांना वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. आपल्या मुलांनी काय पाहावे याची सीमा परदेशी सावकाराच्या हिशेबवहीत आखली जाणार असेल, तर ती सीमा उद्या त्याच्या सोयीने पुसलीही जाईल. आज त्याला आपल्या नावाला बट्टा लागण्याची भीती वाटली. उद्या नफा दिसला, की ती भीती मावळेल.

एका टेबलावरचा कारखाना

हे प्रकरण नेमके काय आहे, ते आधी समजून घेतले पाहिजे. 'व्हिज्युअल नॉव्हेल', म्हणजे दृश्य-कादंबरी, हा जपानमध्ये वाढलेला प्रकार. पडद्यावर एक चित्र, त्याखाली संवाद, मधूनमधून वाचकापुढे दोन-तीन पर्याय. निवडाल तशी कथा वळण घेते. प्रकार म्हणून त्यात आक्षेपार्ह काहीच नाही. 'रेन-पाय' नावाचे, अशा कादंबऱ्या रचण्याचे साधन २००४ पासून कोणालाही फुकट उपलब्ध आहे. थोडी प्रोग्रॅमिंगची जाण, एक बरा संगणक आणि चिकाटी असेल, तर एखाद-दुसरा तरुण घरातल्या टेबलावर संपूर्ण गेम तयार करू शकतो. बाजारात आणण्याचा खर्चही मोठा नाही. 'स्टीम'वर एका गेमसाठी शंभर डॉलर भरायचे, विक्रीतून साधारणतः तीस टक्के केंद्राला द्यायचे, उरलेले आपले.

परंतु यातील 'प्रौढ' म्हणवणाऱ्या शाखेचे अर्थकारण निराळे आहे. तेथे गेम पूर्ण करून विकला जात नाही. तो तुकड्यातुकड्याने बाहेर येतो. पहिला तुकडा फुकट. पुढच्यासाठी 'पेट्रिऑन'सारख्या व्यासपीठावर दरमहा वर्गणी. अनेक ठिकाणी पुढे कोणत्या पात्राचे काय व्हावे, यावर वर्गणीदारांचा कौल घेतला जातो. निर्माता लेखक राहत नाही, तो मागणी पुरवणारा कंत्राटदार होतो. मागणी करणाऱ्यांत सर्वांत अधीर कोण असतो, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. सौम्य रुची असलेला वाचक वर्गणी बंद करून निघून जातो. विकृतीची चटक लागलेला मागे उरतो आणि उरलेली कथा त्याच्या मर्जीने लिहिली जाते.

हे कोणत्या थराला जाते, याचे एकच उदाहरण पुरे. २०१७ साली 'पेट्रिऑन'ने रक्ताच्या नात्यांतील संबंध रंगवणाऱ्या गेमना मज्जाव केला. निर्मात्यांनी काय केले? कथेतील आईला 'घरमालकीण' केले, बहिणीला 'भाडेकरू' केले, आणि पुसलेली नाती पुन्हा जागेवर आणणारी एक छोटी फाइल निराळ्या ठिकाणी ठेवून दिली. नियमही पाळला आणि मालही विकला! आई आणि बहीण हे शब्द ज्या समाजात परस्त्रीलाही आदराने लावले जातात, त्या समाजातील पालकांनी ही युक्ती एकदा शांतपणे समजून घ्यावी. ज्यांना स्वतःच्या कृतीत गैर दिसत नाही, ते नावे कशाला बदलतील?

जन्मतारखेचा पहारेकरी

'हे सारे प्रौढांसाठी आहे, प्रौढांनी काय पाहावे हे सांगणारे तुम्ही कोण?' हा प्रश्न अपेक्षितच आहे. प्रौढाच्या शयनगृहात डोकावण्याची हौस आम्हांला नाही. पण समोरचा प्रौढ आहे, हे विक्रेत्याने कधी पाहिले? जून २०१८ मध्ये 'व्हॉल्व्ह'ने जाहीर केले की, बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ नसेल ते सारे आम्ही विकू. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोणतीही काटछाट नसलेला पहिला प्रौढ गेम तेथे आला. पहारा कसला? ग्राहकाने स्वतः टाकलेली जन्मतारीख आणि स्वतः केलेली बरोबरची खूण! तेरा वर्षांच्या मुलाला १९९० हा आकडा निवडायला किती वेळ लागतो?

जर्मनीने वयाच्या पडताळणीचा आग्रह धरला, तेव्हा तेथील ग्राहकांना २०२० पासून हे गेम दाखवणेच बंद झाले. ब्रिटनने २०२५ मध्ये कायद्याचा बडगा उगारला, तेव्हा तेथे क्रेडिट कार्डाखेरीज ही दारे उघडेनाशी झाली. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे, कंपनीची तयारीही आहे. मात्र सरकारने डोळे वटारले तर! भारतात २०१५ पासून रुपयांत विक्री करणाऱ्या या केंद्राला भारतीय बालकाची काळजी जर्मन बालकाइतकी का वाटू नये?

ज्या जपानकडे बोट दाखवून हे सारे समर्थनीय ठरवले जाते, तेथेही १९९२ सालीच या उद्योगाला स्वतःची नियामक संस्था उभारावी लागली. २००६ मध्ये तेथे निघालेल्या, बलात्कारालाच खेळाचे रूप देणाऱ्या एका गेमविरुद्ध २००९ मध्ये जगभर संताप उसळला, तेव्हा त्या संस्थेला अशा गेमवर बंदी घालणे भाग पडले. तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच जातकुळीचा गेम 'स्टीम'वर होताच. ओरड झाल्यावर निर्मात्याने तो मागे घेतला. विक्रेत्याला तोवर त्यात काही वावगे दिसले नव्हते.

खजुराहोची ढाल

आता पुरोगामी मित्रांचे ठेवणीतले अस्त्र : 'खजुराहो तुमचेच ना? वात्स्यायन तुमचाच ना?' होय, आमचेच. काम हा आमच्या परंपरेत पाप नाही, पुरुषार्थ आहे. पण चारांपैकी एक. स्वतः वात्स्यायन ग्रंथारंभी धर्म, अर्थ आणि काम या तिघांना वंदन करतो, आणि तिघे एकत्र आले तर आधीचा नंतरच्याहून श्रेष्ठ, असा निर्वाळा देतो. धर्माला विरोध न करणाऱ्या कामाला गीता भगवंताचे रूप मानते. धर्माची चौकट काढून उरलेला काम दरमहा वर्गणीवर विकायचा आणि वर वात्स्यायनाचे नाव घ्यायचे, ही परंपरा नव्हे. हा परंपरेचा गैरवापर आहे.

महाराष्ट्राला अश्लीलतेचा वाद नवा नाही. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचा निर्णय दिला. त्या कथेविषयी कोणाचे काहीही मत असो. लेखकाने आपले नाव छापले होते, अंकावर मुद्रक-प्रकाशकाचा पत्ता होता, न्यायमूर्तींनी कथा वाचून कारणांसह निकाल लिहिला. समाजात मर्यादा अशी ठरते. आजचा निर्माता टोपणनावाआड, विक्रेता सातासमुद्रापार, आणि निर्णय देणारा कार्ड कंपनीचा मध्यस्थ. यात नीती कोठे आहे आणि स्वातंत्र्य तरी कोठे आहे?

कायदा आहे, इच्छा हवी

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ अ कलमात उघड लैंगिक सामग्री प्रसारित करण्यास पहिल्या अपराधालाच पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. 'पॉक्सो' कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने तर बालकासारख्या भासणाऱ्या निर्मित चित्रांनाही व्याख्येत घेतले. शाळेच्या गणवेशातील मुलगी रेखाटायची आणि आरंभी 'सर्व पात्रे अठरा वर्षांवरील आहेत' अशी पाटी लावायची, ही पळवाट भारतात चालता कामा नये. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १८ आणि जुलै २०२५ मध्ये २५ ओटीटी मंचांवर कारवाई केली, हे स्वागतार्ह आहे. ऑगस्ट २०२५ मधील ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांच्या खेळांवर घाव घातला, हेही योग्यच. परंतु हा तिसरा दरवाजा अजून सताड उघडा आहे.

मागणी साधी आहे. भारतात रुपयांत गेम विकणाऱ्याने वयाची खरी पडताळणी करावी. निर्मात्याचे खरे नाव आणि पत्ता कायद्याच्या हाती असावा. काय चालेल आणि काय नाही, हे भारतीय कायद्याने, कारणे देऊन ठरवावे. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला असे वाटेल, त्यालाही दाद मागता येईल.

आणि उरलेले काम सरकारचे नाही, आपले आहे. मुलाच्या खोलीचे दार बंद आहे म्हणून तो अभ्यास करतो आहे, असे समजणाऱ्या पालकांनी आज रात्री दार ठोठावावे. दरडावू नका, शेजारी बसा आणि विचारा : 'काय खेळतोस? काय बनवतोस?' कार्यकर्त्यांनीही दगड हाती घेऊ नये. दगडाने संगणक फुटतो, सवय फुटत नाही. ज्या तरुणाच्या हाती हे साधन आहे, त्याला एवढेच सांगावे की, हेच फुकटचे साधन मराठीत जवळजवळ कोरे पडलेले आहे. सिंहगडापासून घरातल्या आजीपर्यंत किती कथा त्यात उतरू शकतील!

त्याच्यापुढे कसोटीही एकच ठेवावी. गेम पूर्ण झाला, की पहिल्या पडद्यावर आपले खरे नाव, आडनावासह लिहायचे आणि तो घरच्यांसमोर उघडायचा. बोट अडखळले नाही, तर तो गेम खुशाल बाजारात आणावा.