संगणकसेवांची निवड : सर्व काही एकाच विक्रेत्याकडून नको

यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक वैद्यबंधू व औषधविक्रेते यांच्याकडे संगणक येऊन आता बरीच वर्षे लोटली आहेत. देयके एका कंपनीच्या प्रणालीवर, रुग्णनोंदी दुसऱ्या कंपनीच्या, पैसे स्वीकारण्याचा क्यूआर फलक तिसरीचा आणि इंटरनेट चौथीचे, अशी स्थिती सर्वत्र दिसते. ही जुळवाजुळव त्रासदायक आहे, यात शंका नाही. नेमका याचाच लाभ घेऊन काही विक्रेते ‘सर्व सेवा आमच्याकडूनच घ्या, वर्षाचे एकच शुल्क भरा’ असा प्रस्ताव घेऊन येतात. केवळ चिकित्सा करणाऱ्या, दुकान नसलेल्या वैद्यास तो कदाचित सोयीचा ठरेल. परंतु ज्यांचे चिकित्सालयाला जोडून औषधी दुकान आहे, त्यांनी तो स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण अलीकडेच आपण सर्वांनी अनुभवले. जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीतील निर्णयानुसार आयुर्वेदीय औषधांवरील कर २२ सप्टेंबरपासून सरसकट ५ टक्के झाला. तत्पूर्वी २०१७ पासून दुहेरी व्यवस्था होती. ग्रंथोक्त नावाने विकले जाणारे हिंग्वाष्टक चूर्ण ५ टक्क्यांत आणि एखाद्या कंपनीचे पेटंट सिरप १२ टक्क्यांत. निर्णय स्वागतार्हच होता, पण त्यामुळे अवघ्या अडीच आठवड्यांत शेकडो औषधांचे दर बदलणे, शिल्लक मालाच्या छापील किमतीचा मेळ घालणे आणि जुन्या दराने भरलेल्या कराचा हिशोब ठेवणे भाग पडले. ज्या प्रणालीत दुकानदारास कराचा दर स्वतः बदलता येतो, तिथे हे काम एका बैठकीत उरकते. जिथे ती किल्ली विक्रेत्याच्या हाती असते, तिथे त्याच्या माणसाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. त्यातही देयके, रुग्णनोंदी व साठा हे सर्व एकाच कुलुपात असेल, तर शुल्कावरून वाद झाला की एकाच वेळी तिन्ही कामे ठप्प होतात.

मग चार ठिकाणच्या चार सेवा आणून एकत्र कराव्यात काय? होय, पण त्यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही हे पाहूनच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात आम्ल पदार्थ दुधासह घेणे हे संयोगविरुद्धाचे उदाहरण म्हणून आले आहे. दोन्ही द्रव्ये स्वतंत्रपणे निर्दोष असतात, दोष संयोगात असतो. संगणकसेवांचेही तसेच आहे. यूपीआयचे पाहा. २०१६ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. आपल्या टेबलावरील फलक एका कंपनीचा असतो, रुग्णाच्या मोबाईलमधील अॅप दुसरीचे असते, दोघांच्या बँका निराळ्या असतात, तरीही पैसे बिनचूक जमा होतात. कारण सर्वांना एकच समान नियमावली बांधून आहे. उद्या फलक बदलला तरी आपल्या बँकेतील खाते तेच राहते. अशी समान नियमावली जिथे आहे, तिथे निरनिराळ्या कंपन्यांच्या सेवा निःशंकपणे एकत्र कराव्यात.

रुग्णनोंदींच्या बाबतीत ही नियमावली आता आकार घेत आहे. आयुष मंत्रालयाच्या नमस्ते पोर्टलवर २०१७ पासून आपल्या व्याधिनामांचे प्रमाणित संकेतांक उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधींसाठी स्वतंत्र विभाग झाला असून तो जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाचा १४ अंकी आभा क्रमांक असतो. नोंद जिथे झाली तिथेच राहते व रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या चिकित्सकास पाहता येते. म्हणून रुग्णनोंदींची प्रणाली घेताना ती या मिशनशी जोडलेली आहे काय आणि आमवात, ग्रहणी, तमकश्वास ही निदाने त्यात संकेतांकासह नोंदविता येतात काय, हे प्रथम विचारावे. रंगीत आलेखांचे कौतुक नंतर करता येईल. (युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या औषधांच्या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडताच कशा अगम्य होतात, हे अनेकांनी पाहिले असेल. मराठीत काम करणाऱ्याने तरी हा धडा विसरू नये.)

दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ अन्वये, माहिती हाताळण्याचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपविले तरी मूळ जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते, आणि असे काम वैध कराराशिवाय सोपविता येत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. म्हणजे रुग्णाने विश्वासाने सांगितलेली क्लैब्याची किंवा आर्तवदोषाची तक्रार विक्रेत्याच्या संगणकातून बाहेर फुटली, तर जाब वैद्यासच द्यावा लागेल. आपल्याकडे बहुधा पावतीच्या मागे छापलेल्या अटींनाच करार समजले जाते. करारात निदान एवढे तरी हवेच : माहितीची मालकी वैद्याची, मागताच ती सर्व एक्सेलसारख्या कोठेही उघडणाऱ्या स्वरूपात परत मिळेल, आणि सेवा थांबविल्यावर विक्रेत्याकडील प्रत नष्ट होईल. जो विक्रेता ही अट लिहून देण्यास कुरकुरतो, त्याची प्रणाली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

निरनिराळ्या सेवा घेण्यावरचा खरा आक्षेप मला मान्य आहे. बिघाड झाला की इंटरनेटवाला प्रणालीकडे बोट दाखवितो आणि प्रणालीवाला इंटरनेटकडे. झरी-जामणी वा मारेगावकडे पावसाळ्यात नेटवर्क गेले की हा तमाशा रंगतो. त्यासाठी देयकाची प्रणाली इंटरनेटशिवाय चालणारीच असावी आणि तिची प्रत रोज रात्री आपल्याच ताब्यातील वेगळ्या डिस्कवर घ्यावी. शिवाय वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड अशा प्रत्येक ठिकाणी पाच-सहा दुकानदारांनी मिळून एक स्थानिक तंत्रज्ञ मासिक मानधनावर नेमावा. कोणतीही प्रणाली विकण्यात त्याचे कमिशन नसावे. प्रत्येक दुकानातील सेवांची यादी व नूतनीकरणाच्या तारखा त्याच्या वहीत असाव्यात, पासवर्ड मात्र बंद पाकिटात दुकानदाराच्याच कपाटात राहावेत.