डोहाळजेवणाच्या आधीचे ताट

मराठी कुटुंबात गर्भवतीचे कोडकौतुक होत नाही, असे कोणी म्हणणार नाही. सातव्या महिन्यात तिची ओटी भरतात, फुलांची वाडी भरतात, काय खावेसे वाटते याची आस्थेने विचारपूस होते. एरवी सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले वाढून घेणाऱ्या सुनेपुढे त्या दिवशी पहिले ताट येते. या सोहळ्यात गैर काहीच नाही. मात्र तो फार उशिरा येतो. ज्या नलिकेपासून बालकाचा मेंदू व मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि कित्येक घरांत ही वार्ता सासूच्या कानीही गेलेली नसते. त्या चार आठवड्यांत गर्भाची भिस्त असते ती आईच्या शरीरात आधीपासून असलेल्या शिदोरीवरच.

या ज्ञानाचा एक धागा मुंबईतच सुरू होतो, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. लुसी विल्स ही इंग्रज महिला डॉक्टर १९२८ साली येथे आली, ती गर्भवतींच्या, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या, रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय हटतो, असा तिचा निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक अॅसिड या नावाने ओळखले गेले. ज्यांचे आधीचे मूल मज्जारज्जूच्या दोषासह जन्मले होते, अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून हे जीवनसत्त्व घेतल्यास त्या दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी होते, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने १९९१ साली सिद्ध केले. इतर स्त्रियांनीही मूल हवे असे ठरवताच रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे, असा आज सर्वमान्य सल्ला आहे. गोळी महाग नाही. अडचण आहे ती वेळेची. दवाखान्यात नाव घातले जाते तेव्हा दुसरा किंवा तिसरा महिना लागलेला असतो.

रक्ताची कथा याहून जुनी आणि अधिक खेदकारक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ होते. प्रगत म्हणविणाऱ्या राज्यात हा आकडा घटण्याऐवजी वाढावा, याची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. २०१८ पासूनच्या अॅनिमियामुक्त भारत मोहिमेत, गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठीही आठवड्याला लोहाची एक गोळी योजलेली आहे. पण शाळा सुटलेली मुलगी आणि पहिले बाळंतपण झालेली बाई यांच्या मधल्या वर्षांत ही गोळी नेमकी कोणी कोणाच्या हाती द्यावयाची? शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव राहिलेले नसते आणि गर्भवतींच्या नोंदवहीत ते अद्याप आलेले नसते. शासनाच्या मातृवंदना योजनेचा पहिला हप्ताही गर्भधारणेची नोंद झाल्यानंतरच मिळतो.

केवळ गोळ्यांनीही हे काम भागणारे नाही. २००६ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू झालेल्या एका प्रयोगात सहा हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला पालेभाज्या, फळे व दूध घालून केलेला फराळ गर्भधारणेच्या आधीपासून रोज देण्यात आला. दुसऱ्याच्या फराळात बटाटा-कांद्यासारख्या भाज्या होत्या. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरसकट पाहता दोन्ही गटांतील बालकांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नव्हता. मात्र ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने पहिला फराळ खाल्ला होता, त्यांची बालके सरासरी ४८ ग्रॅमनी अधिक भरली. आणि ज्या माता मुळातच फार कृश होत्या, त्यांच्या बालकांना हा लाभ मिळाला नाही. पोरवयापासूनची उपासमार दोन-चार महिन्यांच्या फराळाने भरून निघत नाही, असाच याचा अर्थ लावावा लागेल. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासाने आणखी एक सावधगिरीची सूचना दिली आहे. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी, त्यांच्या मुलांमध्ये पुढे मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दही जिच्या वाट्याला येत नाही, त्या शाकाहारी सुनेला नुसती फॉलिक अॅसिडची गोळी देऊन जबाबदारी संपत नाही.

आणि जबाबदारी तिची एकटीची तर नव्हेच. पुरुषबीज घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखू आणि दारू यांचा परिणाम त्यावरही होतो. पण तपासणीसाठी नवऱ्याला दवाखान्यात नेणे आजही कमीपणाचे मानले जाते. बायकांची मिश्रीही तंबाखूचीच, हे सांगितले तर अनेकींना नवल वाटते. शिवाय महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाल्याचे हीच पाहणी सांगते. जिची स्वतःची वाढ पुरती झालेली नाही, तिला गर्भधारणेची तयारी करावयास सांगणे ही क्रूर थट्टा होय.

एक आक्षेप मात्र विचारात घ्यावयास हवा. स्त्रीच्या आरोग्याकडे भावी अपत्याचे भांडे म्हणून पाहावयाचे काय? मुळीच नाही. तिला मूल हवे असो वा नसो, तिच्या रक्तातील लोह ही तिची स्वतःची गरज आहे. जिना चढताना लागणारी धाप तिचीच असते. पण वर्षाच्या आत ‘गोड बातमी’ची वाट पाहणाऱ्या घरांनी थायरॉईड, साखर व हिमोग्लोबिन यांच्या तपासणीला अपशकुन मानू नये. रुबेलाची लस घेतल्यावर एक महिना थांबावे लागते. तेवढा धीर धरण्यासही हरकत नसावी.

विवाह नोंदणीच्या कार्यालयात वधूवरांची छायाचित्रे, वयाचे दाखले आणि साक्षीदारांच्या सह्या घेतल्या जातात. त्याच टेबलावरून दोघांच्याही हाती जवळच्या आरोग्य केंद्राच्या नावे एक चिठ्ठी देता येईल. ती सक्तीची नसावी, तीत मूल केव्हा हवे हा प्रश्न नसावा; केवळ दोघांची तपासणी आणि तीन महिन्यांच्या गोळ्या एवढेच असावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. महसूल आणि आरोग्य या दोन खात्यांनी एकमेकांशी बोलण्याची मात्र गरज आहे.