आजी, रीमिक्स करू का?

नातू पुण्याहून दोन दिवसांसाठी आला होता. माळ्यावरचा फिएस्टा रेकॉर्डप्लेअर त्याने आधीच दुरुस्त करून घेतलाय. या वेळी पिशवीतून एक कोरी करकरीत तबकडी काढली. म्हणाला, "आजी, आता ऐक, आणि शिव्या नंतर घाल."

माझं आणि रीमिक्सचं वाकडं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. २००२ साली 'कांटा लगा' आलं तेव्हा मी अजून शाळेत शिकवत होते. कोपरगावात एकही लग्नाची वरात त्याच्याशिवाय निघत नव्हती. वर्गात मुलींना विचारलं, मूळ गाणं कुणाचं? एकीलाही सांगता येईना. १९७२ च्या 'समाधी'तलं, लताबाईंचं, पंचमचं, हे मी फळ्यावर लिहिलं होतं! (विषय मराठीचा होता, पण असो.)

तर ती तबकडी. चरणजित सिंग यांची, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. हा गृहस्थ मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचा. १९८२ साली त्याने जपानी रोलँड कंपनीची यंत्रं घेऊन भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले आणि एचएमव्हीने ते काढले. कुणी फारसं विचारलं नाही. पुढे शिकागोतल्या पोरांनी तशाच यंत्रावर ॲसिड हाऊस नावाचा प्रकार काढला, आणि मग परदेशातल्या लोकांना ही जुनी मुंबईची तबकडी सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. त्या यंत्राला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, ती मींडेच्या बरीच जवळ जाते. खरं सांगू? ललित ऐकताना मी भाजी निवडायची थांबले.

नातवाने मग दुसरं उदाहरण दिलं. इंग्लंडात कॉर्नरशॉप नावाच्या बँडने १९९७ मध्ये आपल्या आशाबाईंवर गाणं केलं. त्यात रफी, लता यांची नावंही आहेत. तिथल्या यादीत ते साठाव्या नंबरापाशी अडकलं. फॅटबॉय स्लिम नावाच्या माणसाने त्याचं रीमिक्स केलं, आणि १९९८ मध्ये तेच पहिल्या नंबरावर गेलं. म्हणजे रीमिक्समुळे आशाबाईंचं नाव पुसलं गेलं नाही, उलट नाचणाऱ्यांच्या तोंडी गेलं. इथे मी गप्प बसले.

माझी तक्रार बीटबद्दल कधी नव्हतीच, असं आता वाटतं. चीड यायची ती नाव न सांगण्याची आणि न विचारण्याची. कायद्यातही वाट होती म्हणा. १९५७ च्या कायद्यानुसार दोन वर्षं उलटली की रॉयल्टी भरून गाण्याची नवी आवृत्ती काढता यायची. २०१२ मध्ये ती मुदत पाच वर्षं झाली. पण कायद्याने चालतं आणि बरं दिसतं, यात फरक आहेच की.

जेवणं झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. ह्यांच्या भजनी मंडळाची १९८९ च्या सप्ताहातली कॅसेट माझ्या कपाटात आहे. ह्यांचा आवाज तेवढाच उरलाय. त्याला त्यावर टेक्नो करायचंय, आणि जमलं तर पन्नास तबकड्याही काढायच्यात. "आजी, करू का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. आवाज ह्यांचा असला तरी मंडळ बारा जणांचं होतं. त्यातले तिघेच आता आहेत. म्हटलं, आधी त्यांना विचार, गेलेल्यांच्या मुलांना विचार, आणि पाकिटावर बाराही नावं छाप.

दुसऱ्या दिवशी आम्ही पखवाजवाल्या काकांकडे गेलो. नव्वदी गाठलीय, पण कान शाबूत. नातवाने फोनवर नमुना ऐकवला. काकांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "गळा तर बापूंचाच आहे रे. पण माझा पखवाज कुठंय?"

नातवाने पखवाज काढून तिथे यंत्राचा ठोका टाकला होता. टेक्नोत तसंच करतात म्हणे.

तो पुण्याला परत गेलाय. कॅसेट मी दिलीय, पण पखवाज आत आल्याशिवाय होकार नाही असं सांगून. काल त्याचा फोन होता, की काकांची लय मध्येच वाढते आणि यंत्राची वाढत नाही, म्हणून दोन्ही जुळत नाहीत. मी म्हटलं, मग यंत्राला शिकव.