हौसेचें मोल

गेल्या महिन्यांत नातवानें बुलडॉगचें पिलूं आणण्याचा हट्ट धरिला. त्यास जें सांगितलें तेंच वाचकांपुढें ठेवितों.

इंग्लंडांत बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ असे. ही जात त्याकरितांच पोसलेली. १८३५ सालीं कायद्यानें तो खेळ बंद झाला. पुढें १८७३ सालीं केनेल क्लब निघाला, प्रदर्शनें वाढलीं, आणि बक्षिसाच्या लोभानें अधिकाधिक चपट्या तोंडाचीं जनावरें निवडलीं गेलीं. हाड आखूड झालें; आंतील मांस मात्र त्या मानानें आखडलें नाहीं, तें श्वासमार्ग अडवितें. डोकें एवढें मोठें कीं, पुष्कळ माद्यांची प्रसूति शस्त्रक्रियेनेंच करावी लागते. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग निववितो. मग आपल्या वैशाखांत या प्राण्यानें काय करावें? ज्या घोरण्याचें आपण कौतुक करितों, तें पुष्कळदां गुदमरणेंच असतें.

आदिपर्वांत निरपराध पिलास मारल्याबद्दल सरमा जनमेजयास शाप देते. येथें तर मार जन्मापूर्वींच बसलेला!

नातू क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, बोळांतलें पिलूं आणूं?" सूनबाईंनीं निमूटपणें दुधाची वाटी काढून ठेविली.