आतल्या कपड्यांची निगा

भगिनींनो, दिवसभर रानात घाम गाळल्यावर ब्रेसियर रोजच्या रोज धुवायलाच हवी. घामाने कापड आणि इलॅस्टिक दोन्ही लवकर खराब होतात. मात्र ती गोधडीसारखी दगडावर आपटू नये, कढत पाण्यात किंवा धुण्याच्या सोड्यात घालू नये. आधी हुक लावावेत. गार पाण्यात थोडा साबण विरघळवून 10-15 मिनिटे भिजवावी, हलक्या हाताने चोळावी आणि दोन पाण्यांतून खळबळून काढावी. पिळू नये, पंच्यात गुंडाळून दाबली की पाणी निघते. पट्ट्यांनी टांगल्यास ओल्या वजनाने पट्टे ताणतात, म्हणून मध्यावर दोरीवर टाकावी.

आता मुख्य गोष्ट. लाजेपायी आपण हे कपडे साडीखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालतो. तिथे ते दमट राहतात. तसेच अंगात घातले की खाज सुटते, नायटा होतो. इलॅस्टिकला कडक ऊन सोसत नाही, पण मोकळा वारा हवाच. पडवीत सावलीला एक दोरी बांधा. दोन-तीन ब्रेसियर आलटून पालटून वापरा, म्हणजे त्या जास्त दिवस टिकतील. स्वच्छ धुतलेल्या कपड्याची लाज कसली?