दीक्षित की दिवेकर, की थेट इंजेक्शन? वजन उतरतं, पण टिकत का नाही?

जवळपास प्रत्येक मराठी फॅमिली ग्रुपमध्ये एक काका असे असतात, जे दिवसातून दोनदाच जेवतात आणि इतरांनीही तसंच करावं म्हणून मागे लागतात. त्याच ग्रुपमध्ये एक मावशी असते, जी वरण-भात-तूप सोडायला अजिबात तयार नसते. आता त्यात तिसरी भर पडली आहे, ती म्हणजे आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन वजन उतरवणाऱ्यांची.

तिघांकडेही 'आधी आणि नंतर'चे फोटो असतात. पण दोन वर्षांनंतरचा फोटो सहसा कोणी टाकत नाही. खरी गोष्ट तिथेच दडलेली आहे.

हा वाद आला कुठून?

दिवसातून दोनदाच जेवायचं, ही पद्धत महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घराघरांत पोहोचवली. मूळ विचार दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांत जेवण संपवा, मधल्या वेळेत काही खाऊ नका आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असा हा साधा नियम. वारंवार खाल्लं की शरीरात वारंवार इन्सुलिन तयार होतं आणि चरबी साठत जाते, असा त्यामागचा युक्तिवाद. २०१९ मध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने स्थूलताविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षित यांनाच सदिच्छादूत नेमलं.

दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. थोडं थोडं, पण ठरावीक अंतराने खा, आजी जे खायची ते खा, भात आणि तुपाला घाबरू नका, हे त्यांचं म्हणणं. झालं, सोशल मीडियाला 'दीक्षित की दिवेकर' असा सामना मिळाला.

विज्ञान कोणाच्या बाजूने आहे?

या दोन पद्धतींसारखे प्रश्न जगभर तपासले गेले आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांचे दोन गट केले. एकाला कमी फॅटचा आहार, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा. २०१८ मध्ये निकाल आला. वर्षभरात पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने, तर दुसऱ्याचं ६ किलोने उतरलं. म्हणजे फरक नगण्य. पण प्रत्येक गटाच्या आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. कोणाचं वजन जवळपास ३० किलोने घटलं, तर कोणाचं चक्क १० किलोच्या आसपास वाढलं.

खाण्याच्या वेळेचंही तसंच. चीनमध्ये १३९ जणांवर झालेल्या प्रयोगात सगळ्यांच्या कॅलरी कमी केल्या, पण एका गटाने फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खायचं असं ठरलं. वर्षाअखेरीस त्यांचं वजन सरासरी ८ किलोने उतरलं, तर वेळेचं बंधन नसलेल्यांचं ६.३ किलोने. संख्याशास्त्राच्या निकषावर हा फरक ठोस ठरला नाही.

याचा सरळ अर्थ असा: दोन जेवणांमुळे एकूण खाणं कमी होत असेल तर वजन उतरतं. तीन-चार वेळा खाऊनही एकूण खाणं कमी होत असेल तरी उतरतं. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेला उपवास काट्यावर दिसत नाही.

त्यामुळे कोणतं डाएट श्रेष्ठ, यापेक्षा यातलं काय तीन वर्षांनंतरही चालू राहील, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

गेलेलं वजन परत का येतं?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या टीव्ही शोचं आहे. त्यातल्या १४ स्पर्धकांनी प्रचंड व्यायाम आणि कडक आहार करून सरासरी ५८ किलो वजन उतरवलं होतं. सहा वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्यांना पुन्हा तपासलं. सरासरी ४१ किलो परत आलं होतं. धक्कादायक म्हणजे, त्यांच्या वजनाच्या माणसाचं शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा वापरतं, त्यापेक्षा त्यांचं शरीर दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी वापरत होतं.

वजन झपाट्याने उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. ते खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. त्यामुळे वजन परत आलं की 'मनावर ताबा नाही' असा शिक्का मारणं चुकीचं आहे. समोरचा माणूस स्वतःच्या शरीराशीच झुंजत असतो.

नुसतं चालून वजन उतरेल का?

साधारण ७० किलोच्या माणसाने पाऊण तास भराभर चाललं तर २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. परत येताना कोपऱ्यावर एक वडापाव खाल्ला की तो हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणून वजन उतरवण्यात मोठा वाटा ताटातल्या बदलाचा असतो.

मग चालायचं कशाला? कारण उतरलेलं वजन टिकवायला व्यायामच कामी येतो. साखर आटोक्यात राहते, हृदय चांगलं राहतं आणि वजनासोबत स्नायू झिजणं कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. हा दुसरा भाग आपल्याकडे हमखास गाळला जातो. त्यासाठी जिमच लागते असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस करणं, जिने चढणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, इथूनही सुरुवात होते.

मराठी ताटात नेमकं काय बदलायचं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्याच अभ्यासात दिसलं की भाताऐवजी गहू किंवा बाजरी-नाचणी खाल्ली, पण कर्बोदकांचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी होत नाही. म्हणजे भात सोडून चार भाकऱ्या खाल्ल्या तर हाती फारसं काही लागत नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा कमी करून त्या जागी डाळी, कडधान्यं, दही-दूध यांतली प्रथिनं आली, तर मात्र धोका कमी दिसतो.

घरात याचा अर्थ असा:

- तीन पोळ्यांऐवजी दोन, आणि मटकी, मूग किंवा चवळीच्या उसळीची वाटी मोठी. अंडी, मासे खात असाल तर तेही चालतील.
- कोशिंबीर तोंडी लावण्यापुरती नको, भाजीएवढी हवी.
- दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे जवळपास ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एक चमचा कमी केला की हे थेट निम्म्यावर येतं.
- तेल बाटलीतून कढईत ओतू नका, चमच्याने मोजा. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मध्ये तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं होतं. महिन्याला पाच लिटर तेल लागणाऱ्या घरात ते साडेचार लिटर होईल. चवीत फरक कळणारही नाही.

इंजेक्शन आल्यावर हे सगळं कशाला?

मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' आणि जूनमध्ये 'वेगोवी' भारतात आलं. मौंजारोचा महिन्याचा खर्च सुरुवातीला डोसनुसार १४ ते साडेसतरा हजार रुपये होता. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यामुळे स्वस्त पर्यायांची वाट मोकळी होते.

ही औषधं काम करतात, यात शंका नाही. स्थूलतेमुळे गंभीर आजार झालेल्यांसाठी ती मोठा आधार आहेत. पण सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे इथेही प्रश्न टिकण्याचाच. शिवाय मळमळ, उलट्या असे त्रास होतात, स्नायूही घटतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ही इंजेक्शनं घेणं धोक्याचं आहे.

डाएटबाबतही सावधगिरी हवी. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक जेवणं कमी केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. गर्भवती आणि स्तनदा माता, मुलं यांनी ऐकीव डाएटच्या वाटेला जाऊ नये.

काटा हललाच नाही तर सगळं वाया?

नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर अभ्यास केला. आहार आणि चालण्याच्या सवयी बदललेल्यांमध्ये मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. विशेष म्हणजे, त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं.

आपल्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. आयसीएमआरच्याच २०२३ च्या अहवालानुसार देशात मधुमेहींचं प्रमाण ११.४ टक्के आहे आणि १५.३ टक्के लोक उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर वाढलेल्यांचं प्रमाण ३९.५ टक्के. म्हणून वजनाच्या काट्याइतकीच शिंप्याची टेपही उपयोगाची. घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि महिलांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की तपासणी करून घ्यायला हवी.

मग टिकतं कोणाचं?

२०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के महिला आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नव्हते, असं 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधला अभ्यास सांगतो. हा १५ टक्क्यांचा फरक आळसाचा नाही. सकाळी डबे करायचे, संध्याकाळी स्वयंपाक, तर चालायला जायचं कधी? सगळ्यांसाठी एक आणि स्वतःसाठी वेगळा असा स्वयंपाक किती दिवस जमेल?

म्हणून एकट्याचं डाएट सहसा सणासुदीपर्यंतच टिकतं. घरातलं तेल, चहातली साखर आणि उसळीची वाटी सगळ्यांचीच बदलली, आणि अर्धा तास चालायला जाणाऱ्या बाईच्या वाटणीची कणीक दुसऱ्या कोणी मळली, तर वेगळा निर्धार करावा लागत नाही. दीक्षित की दिवेकर, हे ज्याने त्याने ठरवावं. सुरुवात मात्र घरातल्या सगळ्यांना धरून केलेली बरी.