गाडी घेईना? आधी मीटर लावा!

डिसेंबर-जानेवारीत भूम, वाशी किंवा कळंबकडच्या कुठल्याही गावात पहाटे पाचला बाहेर पडून बघा. दूध, खवा नाहीतर भाजी भरलेला जुना डिझेल पिकअप उभा असतो आणि सेल मारून मारून बॅटरी रडकुंडीला आलेली असते. मग चौघं मागून धक्का देतात. तरी नाहीच घेतली, तर कुणी एअर फिल्टर उघडून पेटता बोळा धरतं, कुणी स्प्रे मारतं. अखेर गाडी पांढरा धूर ओकत चालू होते आणि सोलापूरच्या मार्केटला पोचते तेव्हा चांगला भाव निघून गेलेला असतो. घरी सगळे म्हणतात, ‘थंडी आहे, जुनी गाडी आहे, चालायचंच.’

माझं स्पष्ट मत आहे, हे चालायचं नाही. आणि यात घरातल्या कॉलेजवाल्यानं हात घालायचा. म्हणजे तुम्ही.

तुम्हीच का? कारण यात लागणारं सगळं फिजिक्स तुम्ही बारावीपर्यंत शिकून बसलाय. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली यशस्वी झालं ते याच युक्तीवर: हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनंच इंधन पेटावं. जुन्या इंजिनात हवा साधारण २१ पट दाबली जाते. पुस्तकातलं अॅडियाबॅटिक सूत्र लावा, १० अंशांची हवा कागदावर ६८० अंशांच्या आसपास जाते. डिझेल पेटायला याच्या निम्मीही पुरे! मग गाडी घेत का नाही?

कारण इंजिन कागदावर नसतं. रात्रभर गारठलेलं लोखंड ती उष्णता शोषून घेतं. थंडीत बॅटरी मंदावते, इंजिन हळू फिरतं आणि दाबलेली हवा झिजलेल्या रिंगांतून निसटते. ही तूट भरून काढायला प्रत्येक सिलिंडरला एक बोटाएवढा प्लग असतो. त्याचं नाव ग्लो प्लग, गॅरेजच्या भाषेत हीटर प्लग. चावी फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखी पिवळी खूण लागते ना, ती याचीच. ती विझेपर्यंत सेल मारायचा नसतो, एवढी साधी गोष्टही अनेक घरांत कुणी सांगितलेली नसते.

आता खरा मुद्दा. हा प्लग मेलाय की नाही हे अंदाजानं का ठरवायचं? आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे ‘हे बदलून बघू, नाहीतर ते बदलू.’ आधी बॅटरी, मग स्टार्टर, मग पंपाचं काम. प्रत्येक वेळी पैसे आपल्या घरचे. काही शे रुपयांचा मल्टिमीटर दहा मिनिटांत उत्तर देतो. गाडी बंद ठेवा, प्लगांना जोडणारी पट्टी सोडवा, मीटर ओहमवर ठेवा. एक टोक प्लगच्या डोक्यावर, दुसरं इंजिनच्या मोकळ्या धातूवर. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही, तर आतली तार तुटली. स्वस्त मीटरच्या वायरींचाही थोडा रोध असतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो आकडा वजा करा. प्रॅक्टिकलला ‘झीरो एरर’ लिहिता ना, तेच हे.

चारही प्लग ठीक निघाले तर? मग चावी फिरवून पट्टीपर्यंत करंट येतोय का बघा. येत नसेल तर दोष फ्यूजचा किंवा रिलेचा. एका ओहमचा प्लग १२ व्होल्टवर १२ अँपिअर खेचतो. चार प्लगांचे झाले ४८. एवढा भार रोज सोसणारा रिले कधीतरी जाणारच. आणि गाडी गरम असतानाही घेत नसेल, तर प्लगांना दोष देऊ नका. डिझेल लाइनमधली हवा, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासावं लागेल.

‘मग मेकॅनिकनं काय करायचं?’ असं कुणी विचारेल. त्याचं काम इथूनच सुरू होतं. जुना प्लग कार्बननं जाम झालेला असतो. जोर लावून काढायला गेलात आणि तो आतच तुटला, तर अख्खं हेड उतरवावं लागू शकतं. म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडायचं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, इंजिन कोमट असताना पाना थोडा पुढे-थोडा मागे करत फिरवायचा. हलला नाही तर थांबायचं. इथं अनुभवी हात हवा. नवा प्लग त्याच व्होल्टचा आणि त्याच लांबीचा घ्या, आधी हातानं आटे बसवा, मग मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच आवळा. आणि प्लग चालू असलेल्या गाडीत तो स्प्रे कधीच मारू नका. तापलेल्या टोकावर तो अवेळी पेटतो, इंजिन फुटू शकतं.

मोजून गेलेलं गिऱ्हाईक चांगल्या मेकॅनिकला आवडतंच. ‘दोन नंबरचा प्लग ओपन दाखवतोय’ असं म्हणा, बोलणं लगेच बदलतं.

आर्ट्सवाल्यांनो, पोरींनो, ‘हे आमचं नाही’ म्हणू नका. दोन आकडे वाचायला शाखा लागत नाही, आणि त्या गाडीच्या भाड्यातूनच तुमची फी निघत असेल.

एक सूचना. तुमच्या एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात होतं. प्रभातफेरी काढा, गाव झाडा, सगळं करा. पण एक सकाळ जवळच्या आयटीआयमधल्या ‘मेकॅनिक डिझेल’च्या पोरांना सोबत घ्या, दोन मीटर न्या आणि गावातल्या जुन्या पिकअपचे प्लग तपासून द्या. प्रत्येक गाडीमालकाच्या हातात चार आकड्यांची चिठ्ठी ठेवा. बदलायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या. शिबिर थंडीतच असेल, तर गाड्याही नेमक्या तेव्हाच अडलेल्या असतात.